हवेवर चालणारी कुलपं

फेज शहराजवळच्या सफ्रू गावात, टॅक्सी अड्ड्यासमोर महजूबाचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर. आत फोमचे ढीग, रेक्झिनच्या गुंडाळ्या, सुतळीची रिळं आणि त्या पसाऱ्यात मांडी घालून बसलेली ही बाई. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्याकडे बघायची नाही, गाडीकडे बघायची. मग त्याच्याकडे बघायची. त्या बघण्यात असं काही असायचं की माणूस तिला 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणत गाडीच्या वतीनं आपोआप माफी मागायला लागायचा.

"हे दार कुणी उघडलं होतं?"

"मीच, लल्ला महजूबा. काच अडकली होती म्हणून जरा..."

"कशानं उघडलंस? कुदळीनं?"

गाडीच्या दाराचं आतलं अस्तर क्लिपांवर बसवलेलं असतं. हलक्या हातानं एकेक क्लिप सोडवली तर ते अलगद सुटतं आणि पुन्हा तसंच बसतं. पण सोडवणार कोण? मिळेल तो पेचकस खुपसायचा आणि ओढायचं, क्लिपा तुटल्या की स्क्रू मारायचे, हीच सगळ्या गावाची रीत. क्लिप न तोडता दार उघडतो तो माणूस, बाकीची गुरं, असा महजूबाचा साधा हिशोब होता. या हिशोबानं तिला आयुष्यात दीड माणूस भेटला होता. एक तिचा नवरा तिजानी, आणि अर्धा शेजारचा मेकॅनिक कद्दूर. तिजानी वारला होता, त्यामुळे गावात अर्धाच उरला होता.

हा स्वभाव तिला माहेरून मिळाला असं कुणी म्हणायचं, पण ते खोटं. तिची आई गरीब गाय होती. सफ्रूच्या बायका जेलाब्याची, म्हणजे टोपीवाल्या पायघोळ अंगरख्याची, रेशमी बटणं करतात, तशी तीही करायची, आणि हात सुईला पुरायला लागले तशी महजूबाही करू लागली. बटणं न्यायला फेजहून एक व्यापारी यायचा. पिशवीत हात घालायचा, मूठभर बटणं काढायचा आणि न बघताच म्हणायचा, "सैल आहेत." दर खेपेला सैल. आई मान खाली घालायची. एकदा त्याच्या स्वतःच्या जेलाब्याचं बटण तुटलं, तेव्हा त्यानं सुई मागून घेतली आणि दोरा ओवायला बसला. ओवता येईना. दोरा चाटतोय, डोळा बारीक करतोय, सुई उजेडाला धरतोय. बारा-तेरा वर्षांची महजूबा समोर बसून बघत राहिली. पुढे होऊन तिनं काही दोरा ओवून दिला नाही. पुरुष माणसांकडे कसं बघायचं ते तिचं तिथंच ठरलं असावं.

तिजानीशी लग्न झालं तेव्हा पहिली काही वर्षं तिनं त्यालाही त्याच मापानं मोजलं. मऊ माणूस. कुणीही काहीही मागितलं की "होईल" म्हणायचा. एकच गोष्ट दोनदा समजावून सांगायचा, ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच कळलेली असली तरी. पण झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं तो दाराचं अस्तर काढायचा. त्याच्या हातांचा तिला आदर होता. बाकीच्या तिजानीबद्दल ती फारसं बोलायची नाही. मूलबाळ झालं नाही. तो अस्तरं काढायचा, ती शिवायची, आणि दिवस चांगले जात होते.

बेल्जियममध्ये कष्ट करून परतलेल्या एकाकडून तिजानीनं एक जुनी जर्मन डिझेल गाडी घेतली. ती टॅक्सी म्हणून लावली आणि चालवायला धाकट्या भावाला दिली, बन्नासरला. रस्त्यावर काढण्याआधी एका हिवाळ्यात नवरा-बायकोनं मिळून तिची चारही दारं आतून नवी केली. तेव्हा तिजानीनं तिला दाखवलं होतं. दारात शेवयांएवढ्या बारीक नळ्या होत्या आणि त्यांच्या टोकाला रबराची वाटी.

"ही कुलपं विजेवर नाहीत हं," तो म्हणाला. "हवेवर आहेत. इंजिन हवा ओढून घेतं ना, त्या ओढीवर. ड्रायव्हरनं आपल्या दाराची किल्ली फिरवली की ओढ सगळ्या दारांत जाते आणि सगळ्या खुंट्या एकदम खाली बसतात. आणि गंमत बघ, किल्ली काढली की इंजिन बंद होतं ना, तेही याच ओढीवर. एक नळी फुटली की सगळं घर आजारी."

"कळलं," महजूबा म्हणाली.

"म्हणजे असं बघ," तिजानी म्हणाला, आणि त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तिजानी गेला तो छातीत कळ येऊन, दुकानातच, फोम कापता कापता. मूल नसलेल्या विधवेला शरियतप्रमाणे पाव हिस्सा. चाळिसाव्याच्या जेवणाला माणसं जमली होती. कुस्कुसची परात अजून निम्मीही झाली नव्हती, तेवढ्यात बन्नासर बोटं चाटत म्हणाला, "गाडीचं एकदा ठरवून टाकू. वहिनींचा पाव हिस्सा आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण गाडीचा पाव म्हणजे नेमकं काय द्यायचं? बोला वहिनी, चाक हवं का हॉर्न?"

चार पुरुष हसले. बाकीच्यांनी परातीत डोकं घातलं.

"राहू दे तुझ्याकडेच," महजूबा म्हणाली. "हॉर्न तुलाच लागेल. तोंड थकलं की तेवढंच."

गावानं याला तिचा मोठेपणा म्हटलं. मोठेपणा कसला आलाय! भांडायचं तर समोरच्याच्या उंचीला उतरावं लागतं, आणि बन्नासरच्या उंचीला उतरायचं तर तिला आधी खड्डा खणावा लागला असता. तिनं गाडी सोडून दिली आणि दुकान ठेवलं.

आयत्या बिळावर नागोबा झालेला बन्नासर त्या दिवसापासून मालक म्हणून मिरवू लागला. गाडी अड्ड्यावर उभी केली की खाली उतरायचा, पँट वर ओढायचा आणि सगळ्यांना दिसेल अशा बेतानं किल्ली फिरवायचा. खट्ट! चारही दारांच्या खुंट्या एकदम खाली. अड्ड्यावरच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीची कुलपं अशी चालत नव्हती. त्याही त्याच जर्मन बनावटीच्या, पण त्यांच्या नळ्या कद्दूरच्या आधीच्या मेकॅनिकनं केव्हाच बुजवून टाकल्या होत्या. तो मेकॅनिक पुढे मुलाकडे स्पेनला गेला आणि त्या गाड्यांत असली कुलपं असतात हेसुद्धा अड्डा विसरून गेला. राहिला एकटा बन्नासर. स्वतः काही न करता मिळालेल्या गोष्टीचा गर्व फार मोठा असतो.

ईदच्या तोंडावर त्यानं फेजहून जांभळ्या मखमलीची, गाद्यागाद्यांची अस्तरं आणली आणि चारही दारांना बसवली. सीटा शिवणारी सख्खी वहिनी समोरच्या शटरमध्ये बसलेली होती. तिला त्यानं विचारलंही नाही. महजूबानं ती मखमल लांबून बघितली. "गाढवाला नवरदेव केलाय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा सुई घातली.

चेरीचा हंगाम सुरू झाला आणि गाडीला खोड लागली. फेजहून सवारी आणून बन्नासरनं गाडी लावली, किल्ली काढली, खाली उतरला, आणि इंजिन आपलं धडधडतच राहिलं. अड्ड्यावर सवाऱ्या ओरडून गोळा करणारा अल्लाल नावाआधी अदबीचं 'सी' लावून म्हणाला, "सी बन्नासर, गाडी चालूच राहिली की!"

"राहू दे. जर्मन आहे. कामसू आहे, तुझ्यासारखी नाही."

चहा पिऊन होईतो गाडी धूर ओकत तशीच उभी होती. शेवटी त्यानं बॉनेट उघडलं आणि इंजिनावरचा दांडा दाबला, तेव्हा कुठं ते गुदमरून थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. घाईत असला की बॉनेट न उघडता गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी एक गचका खायची आणि मरायची. आत बसलेल्या बाया समोरच्या सीटवर आदळायच्या.

"गाडी थांबवतोस का बकरा पाडतोस रे मेल्या?" एका म्हातारीनं विचारलं होतं.

त्याच सुमाराला कुलपांनीही मान टाकली. आता किल्ली फिरवली की कुठली खुंटी बसायची, कुठली नाही. मागच्या उजव्या दाराची तर निम्मी खाली जायची आणि तिथंच थरथरत राहायची. बन्नासरच्या लेखी हे दोन वेगळे आजार होते. इंजिन घेऊन तो कद्दूरकडे गेला.

कद्दूर प्रामाणिक होता, पण त्याची सगळी उमर ट्रॅक्टर आणि लॉऱ्यांत गेली होती. त्याला गाडीत इंजिन तेवढं दिसायचं, दार हा त्याचा प्रांत नव्हता. त्यानं हवा ओढणारा पंप बदलला. गाडी दोन दिवस नीट थांबली, तिसऱ्या दिवशी पुन्हा धडधड. मग त्यानं इंजिन बंद करणारी डबी बदलली. मग नवीन पंप काढून जुना घातला. कुलपांसाठी बन्नासर फेजला एका इलेक्ट्रिशियनकडे गेला. त्या शहाण्यानं ड्रायव्हरचं दार खोललं, आत बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाला, "अहो, तुमच्या दारात तारच नाही. कुणीतरी काढून नेलीय."

बन्नासर परत आला तो बोंबलतच. "चोरी झाली! माझ्या दारांतल्या तारा चोरल्या!"

"सी बन्नासर, दाराच्या आतल्या तारा चोरायच्या आणि दार तिथंच ठेवायचं, असा कसा हो चोर?" अल्लालनं विचारलं.

"म्हणूनच तर तू इथं ओरडत बसलायस आणि चोर बंगल्यात राहतोय."

महजूबा शटरमध्ये बसून सगळं बघत होती. घोडं कुठं पेंड खातंय ते तिला त्या थरथरणाऱ्या खुंटीवरून पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. उजव्या मागच्या दारात नळी फुटली आहे, तिथून ओढ गळते आहे, म्हणून कुलपं बसत नाहीत आणि म्हणूनच इंजिनही थांबत नाही. दोन शब्द बोलली असती तर काम झालं असतं. पण ते दोन शब्द तिनं का खर्चावे? त्या वर्षी गावात चेरीच्या जत्रेला गाणारे आले होते, पाळणे आले होते. महजूबा गेली नाही. तिला घरबसल्या तमाशा होता.

कद्दूर दुपारी तिच्याकडे चहाला यायचा. एके दिवशी कपाळाचं काळं ऑइल बाहीला पुसत म्हणाला, "मला तर काही सुचेना. ओढ कुठंतरी मरतेय. इंजिनात मरत नाही, हे मी कुराणावर हात ठेवून सांगतो."

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," महजूबा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मला काय कळतंय? मी शिवणारी बाई."

कद्दूरनं तिच्याकडे निरखून बघितलं. अर्धा का होईना, माणूस होता. "लल्ला महजूबा, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

"पुदिना जास्त झालाय का चहात?"

त्यानं चहा संपवला आणि गेला.

असंच चाललं असतं. गाडी खिळखिळी होऊन बंद पडेपर्यंत तिनं बघितलं असतं आणि तिला झोपही छान लागली असती. पण बन्नासरला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. शटरला लागूनच चहाचा ठेला होता. तिथं फेजचा एक ड्रायव्हर त्याच्या गाडीची चौकशी करत होता आणि बन्नासर घसा खाकरून सांगत होता.

"चूक माझ्या भावाची. अल्लाह त्याच्यावर दया करो, माणूस भोळा. फोम आणि दोरा सोडून त्याला काय कळत होतं? कुणीतरी भंगार गळ्यात मारलं, यानं घेतलं. वर दारं खोलून आत काय उचकापाचक करून ठेवलीय कोण जाणे! त्याच्या हाताला तसा गुणच नव्हता. आता निस्तरतोय मी."

तिजानीला मऊ, मंद, होयबा असं महजूबानं स्वतः हजार वेळा म्हटलं होतं. तिचा नवरा होता, तिचा हक्क होता. पण हातांबद्दल ती कधी बोलली नव्हती. मांडीवरचं रेक्झिन तिनं बाजूला ठेवलं, दाभण एप्रनच्या खिशात टाकलं आणि ती रस्ता ओलांडून गेली. अड्ड्यावर तिला रस्ता ओलांडताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. अल्लालचं "फेज, फेज, फेज" तोंडातच राहिलं.

बन्नासरच्या गाडीत फेजच्या सहा सवाऱ्या कोंबून बसल्या होत्या. पुढे दोन, मागे चार. इंजिन चालूच होतं, किल्ली आतच होती. महजूबानं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खाली उकिडवी बसून पायाखालचं जाजम गुंडाळायला लागली.

बन्नासर ग्लास हातात घेऊन धावत आला. "वहिनी! अहो, काय चाललंय? सवाऱ्या बसल्यात!"

"बसू देत. त्यांचं काही कापायचं नाहीये."

"अल्लाल, बाईंना सांग जरा तिथून उठायला."

"तूच सांग," अल्लाल म्हणाला. "मला बायको-पोरं आहेत."

जाजमाखाली एक रबरी चांदणी निघाली. तिच्यातून चारी दिशांना बारीक रंगीत नळ्या गेल्या होत्या. आवाज ऐकून कद्दूर हात पुसत आला. महजूबानं त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

"मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव. आणि बोलू नकोस."

तिनं पुढच्या दाराची नळी चांदणीतून उपटली आणि रबराच्या भोकावर अंगठा दाबला. "फिरव." कद्दूरनं किल्ली बंद केली. इंजिन धडधडतच राहिलं. तिनं नळी परत बसवली. मग मागच्या डाव्या दाराची काढली, अंगठा दाबला. "फिरव." धडधड. डिकीची काढली. धडधड. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. पहिल्या झटक्यात ती उजव्या मागच्या दारावर जाऊ शकली असती. पण बन्नासरला सगळं सावकाश, एकेक पायरीनं बघू दे, अशी तिची इच्छा होती.

"हे काय, नळीनळीचा खेळ?" बन्नासर लोकांकडे बघून हसला. "कुलपाचा आणि इंजिनाचा काय संबंध? उद्या म्हणाल, कानात बोळा घाला म्हणजे गुडघा थांबेल."

"फिरव," महजूबा म्हणाली. तिचा अंगठा आता उजव्या मागच्या दाराच्या भोकावर होता.

कद्दूरनं किल्ली फिरवली. इंजिन जागच्या जागी थांबलं. ना गचका, ना धूर. इतक्या दिवसांत त्या गाडीच्या धडधडीची अड्ड्याला सवय झाली होती. आता ठेल्यावरचा चमचा वाजलेला ऐकू आला.

"डिझेल संपलं असेल," बन्नासर म्हणाला.

कद्दूरनं गाडी पुन्हा चालू केली. महजूबानं अंगठा काढला, कद्दूरनं किल्ली फिरवली, इंजिन चालूच. अंगठा दाबला, बंद.

"डिझेल परत आलं वाटतं," अल्लाल म्हणाला, आणि गाडीतल्या सहाही सवाऱ्या हसल्या.

मागची माणसं उतरवून महजूबा उजव्या दाराशी गेली. जांभळ्या मखमलीवर ठसठशीत स्क्रू दिसत होते, एकाही रांगेत नसलेले.

"हे क्लिपांचं दार आहे," ती म्हणाली. "याला स्क्रू कुणी मारले?"

"फेजच्या कारागिरानं," बन्नासर म्हणाला. "नावाजलेला आहे."

"कुठला फेजचा?" अल्लालला राहवेना. "ईदच्या आदल्या दिवशी इथंच बसून मारत होतास की! मला दोनदा चहा आणायला पिटाळलंस. एक स्क्रू आत जाईना म्हणून बूट काढून टाचेनं हाणलास. मी बघितलंय."

महजूबानं स्क्रू काढले. एक मात्र मुद्दाम ठेवला, खालच्या कोपऱ्यातला. त्याच्याभोवतीची मखमल दाभणानं फाडून अस्तर अलगद बाजूला वळवलं आणि सगळ्यांना दिसेल असं दार धरलं. स्क्रूचं टोक पत्र्यातून थेट पिवळ्या नळीत घुसलं होतं. टोचलेल्या जागी नळी चिरली होती. गाडी हादरेल तसा स्क्रू सैल होत गेला होता आणि चीर वाढत गेली होती. काही न समजावता सगळं समजेल असं ते दृश्य होतं. कद्दूर वाकून बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "मी दोनदा पंप काढला."

"तू दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतंस," महजूबा म्हणाली. "म्हणून तू अर्धाच."

हे अर्धं प्रकरण कुणाला कळलं नाही, कद्दूरलाही नाही.

बन्नासरनं ग्लास टपावर ठेवला, पुन्हा उचलला. "बरं, झालं ते झालं. आता एवढं केलंच आहे तर जोडूनच टाका, वहिनी. घरचंच काम आहे."

महजूबानं तो शेवटचा स्क्रू फिरवून काढला आणि त्याच्या हातातल्या ग्लासात टाकला. ग्लासात तळाला थोडा चहा होता. "या दारात तिजानीनं हात घातला होता," ती म्हणाली. पुढे बरंच काही बोलायचं होतं. पण बन्नासर ग्लासात वाकून स्क्रू शोधत होता. ते बघून बोलावंसंच वाटेना. माणसाला लाज वाटायची तर त्यासाठीही आत थोडी जागा लागते. ती रस्ता ओलांडून परत गेली आणि अर्धवट राहिलेली सीट पुढे शिवायला बसली.

नळीचा चिरलेला भाग कापून कद्दूरनं मध्ये रबराचा तुकडा घातला आणि गाडी बरी झाली. किल्ली काढली की इंजिन थांबे, किल्ली फिरवली की खुंट्या खट्टकन बसत. दुसऱ्या दिवशी महजूबा सकाळी शटर उघडून बसली, समोर बघितलं, आणि तिला करमेना. बन्नासर आला, गाडी लावली, गाडी थांबली, तो निघून गेला. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. एवढा चांगला चाललेला तमाशा आपण आपल्या हातानं बंद केला, आणि तोही कुणासाठी? जो दुकानातल्या दुकानात मरून गेला आणि ज्याला मरतानासुद्धा कात्री जागेवर ठेवायचं सुचलं, त्याच्यासाठी. त्या दिवशी तिनं तीन गिऱ्हाइकांना घालवून दिलं.

महिन्याभरात बन्नासरची गोष्ट बदलली. "मला पहिल्यापासून त्या दाराचाच संशय होता," तो सवाऱ्यांना सांगायचा. "पण आमच्या वहिनींना जरा बरं वाटावं म्हणून म्हटलं, तुम्हीच शोधा. विधवा बाई आहे, मन रमतं." अड्डा मान डोलवायचा आणि तो वळला की हसायचा. महजूबाच्या कानावरही हे आलं. "बोलू दे," ती म्हणाली. "कुत्रं भुंकायचं थांबलं तर घाबरावं."

पण अड्ड्यावर जे दिसलं ते दिसलं होतं. एकेक ड्रायव्हर आपली गाडी घेऊन येऊ लागला. "लल्ला महजूबा, आमच्याही दारात त्या नळ्या आहेत म्हणे." असायच्याच. बुजवलेल्या, कापलेल्या, कुठे च्युइंगगमनं चिकटवलेल्या. ती अस्तर काढायची, भंगारातून आणलेल्या रबरी वाट्या घालायची आणि काम होईस्तोवर गाडीवाल्याला सोलून काढायची. कुणाला "तुझ्या आईनं तुला चमचा धरायला तरी शिकवलं का?", कुणाला "ही गाडी आहे का गोठा?" लोक ऐकून घ्यायचे. कद्दूर तर कुलपाचं काम आलं की सरळ सांगायचा, "समोर जा. चार शिव्या खा आणि करून घे." हळूहळू संध्याकाळी अड्ड्यावर खट्ट, खट्ट असे आवाज येऊ लागले. महजूबाला त्याचा आनंद झाला असं काही दिसलं नाही. ती म्हणायची, कुलपं चालतात म्हणून आत चोरण्यासारखं काही आहे असं होत नाही.

पुढे काही वर्षांनी जुन्या टॅक्सी मोडीत काढायचं फर्मान निघालं. एकामागून एक त्या जर्मन गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या, पांढऱ्या, उंच गाड्या आल्या. बन्नासरनंही आपली दिली. नवी गाडी घेऊन तो थेट महजूबाच्या शटरसमोर आला, खाली उतरला आणि हातातलं बटण दाबलं. चुंईक! दारं बंद. पुन्हा दाबलं. दारं उघडी.

"बघितलंत वहिनी? नळी नाही, हवा नाही. लांबून चालतं."

"तुला लांबच ठेवलंय, बरं केलंय," ती वर न बघता म्हणाली. "काय पाहिजे?"

"सीटांना कव्हरं. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

तिनं माप घेतलं. शेजारणींना वाटलं ही आता त्याला टाके सैल मारून देईल, शिवण उसवेल असं काहीतरी करेल, इतक्या वर्षांचं उट्टं काढेल. तसं काही झालं नाही. वाईट शिवायचं तर त्याचा विचार करत शिवावं लागलं असतं. तिनं बाकीच्यांना शिवते तशीच कव्हरं शिवली, ना एक टाका कमी, ना एक टाका जास्त, आणि ठरल्या दिवशी दिली.

बन्नासर खूश झाला. अड्ड्यावर सांगत सुटला, घरचं म्हणून वहिनींनी खास काम करून दिलं, असं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. ते ऐकून महजूबा हसली. तिला हसताना त्या गावात फार थोड्यांनी पाहिलं होतं. ठेल्याशी उभ्या असलेल्या अल्लालला वाटलं बाईला ठसका लागला, म्हणून तो धावत जाऊन पाणी घेऊन आला. तिनं ते घेतलं आणि प्यायली.